सुल्लेबाईंच्या घरात शिरलेला तानजो

अर्धी टोपली कातरून झाली होती, अर्धी व्हायची होती, आणि तेवढ्यात फाटक करकरलं. सुल्लेबाईंनी कात्री मांडीखाली सारली, टोपलीवर फडकं टाकलं आणि शेजारचा लसणाचा गड्डा उचलून असा सोलायला घेतला, जणू सकाळपासून त्यांना दुसरं काम नव्हतं.

आत आली ती शेजारची बोंगनिम. तिचं मिरचीचं शेत आणि सुल्लेबाईंचं शेत यांच्यामध्ये एक बांध काय तो.

"ताई, काय चाललंय?"

"काय चालायचंय. लसूण सोलतेय."

"लसणाला आज मिरचीचा वास मारतोय."

"तुझ्या नाकात गेली असेल मिरची. जवाचं गार पाणी घेतेस?"

"नको. एखादं रिकामं पोतं असलं तर द्या. दोन असली तर बरंच."

"आत्ता कशाला गं पोती?"

"बटाटे भरायचेत," बोंगनिम म्हणाली आणि फडक्याकडे बघत राहिली. तिचे बटाटे महिन्यापूर्वीच निघाले होते हे सुल्लेबाईंना ठाऊक होतं. पण मांडीखाली कात्री घेऊन बसलेल्या बाईने दुसरीला फार खोदून विचारू नये. त्यांनी घरात असूनही पोती नाहीत म्हणून सांगितलं. बोंगनिम गेली. फाटकाचा आवाज थांबल्यावर सुल्लेबाईंनी फडकं काढलं.

टोपलीत मिरच्या होत्या. पिकायला लागलेल्या, बोटाएवढ्या लांब, आणि जवळजवळ प्रत्येकीवर एक काळपट, खोलगट डाग. डागात वर्तुळ, वर्तुळात आणखी वर्तुळ, आणि मधोमध पाणचट गुलाबी लिबलिबीत काहीतरी. सुल्लेबाई डागाचा भाग कात्रीने उडवत होत्या आणि उरलेला चांगला तुकडा शेताकडेच्या चटईवर वाळत घालत होत्या. बाईंच्या हातून काही टाकवत नसे. फाटक्या छत्रीच्या कापडाच्या त्यांनी पिशव्या शिवल्या होत्या, आणि त्या पिशव्या फाटल्यावर त्यांचे खिसे केले होते. देवाने दिलेलं टाकणं म्हणजे देवाच्या तोंडावर टाकणं, असं त्या म्हणत. मग देवाने पाठवलेल्या सडक्या मिरचीचं काय, असं त्यांच्या यजमानांनी, म्हणजे दोकमान म्हाताऱ्याने, एकदा विचारलं होतं. त्या दिवशी त्याला जेवणात मुळ्याचा पालाच मिळाला.

या डागाचं नाव तानजो. यंगयांगच्या डोंगराळ भागात जिथे तिथे मिरची, आणि पावसाळा जरा लांबला की तानजो ठरलेला. त्याचा उपाय सुल्लेबाईंच्या सोत्गोल गावातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. रोग जमिनीलगतच्या फळांवर आधी दिसतो, पावसाच्या शिंतोड्यांवर बसून वरच्या फांद्यांवर चढतो आणि तिथून शेजारच्या ओळीत जातो. म्हणून रोगाने धरलेली फळं आणि फार धरलेली रोपं उघडीप असताना, पानं कोरडी असताना काढायची, सरीत एकही न टाकता पोत्यात भरायची, शेताबाहेर लांब नेऊन पुरायची, आणि उरलेल्या रोपांवर पुढच्या पावसाआधी औषध मारायचं. रोगट फळ शेताच्या कडेला ठेवणं म्हणजे चोराला ओसरीवर झोपायला जागा देणं. सुल्लेबाईंना हे सगळं पाठ होतं. गेल्या वर्षी त्यांनीच हे बोंगनिमला अर्धा तास ऐकवलं होतं.

मग त्या कात्री घेऊन का बसल्या होत्या? तर विहिणीमुळे.

सुल्लेबाईंची एकुलती एक लेक हेरांग तेगू शहरात दिली होती. तिची सासू योमबाई म्हणजे उभ्या आयुष्यात साधं गवत न उपटलेली, बोलताना प्रत्येक वाक्याला इस्त्री करणारी बाई. दर हिवाळ्यात सुल्लेबाई त्यांना कोबीच्या किमचीसाठी, म्हणजे वर्षभराच्या तिखट लोणच्यासाठी, मिरचीची पूड पाठवत. मागच्या खेपेला फोनवर योमबाई म्हणाल्या, "विहीणबाई, बाजारच्या पुडीत डागाळलेल्या, पांढुरक्या मिरच्या दळतात म्हणे. तुमचं मात्र अगदी स्वच्छ असतं." झालं. सुल्लेबाई चढल्या. म्हणाल्या, "आमच्या शेतात डागाची मिरची तुम्हाला दिवा घेऊन शोधलीत तरी सापडायची नाही. हवं तर पहिल्या तोड्याला या आणि आपल्या डोळ्यांनी बघा!"

अशा वेळी समोरच्याने 'अहो, कशाला उगाच' म्हणायचं असतं. योमबाई म्हणाल्या, "येते."

आणि त्या या शनिवारी येणार होत्या. तानजो बांधाकडच्या दोन ओळींत शिरला होता आणि तिसरीत डोकावत होता. रेडिओ सांगत होता की रविवारपासून पुन्हा झड लागेल. झडीच्या आत त्या ओळी उपटल्या तर बाकीचं शेत वाचेल. नाही उपटल्या तर सगळंच जाईल. पण उपटल्या तर शेताच्या तोंडालाच बोळकं दिसणार, आणि शनिवारी विहीणबाई त्या बोळक्यासमोर उभ्या राहून इस्त्रीच्या आवाजात विचारणार, "इथे काय होतं?" म्हणून सुल्लेबाईंनी ठरवलं होतं की शनिवार पार पडेपर्यंत रोज पहाटे डागाची फळं तेवढी गुपचूप खुडायची, आणि बाकीचं देवावर सोपवायचं.

देवावर सोपवायला त्या रोज पहाटे चर्चला जात. तिथे पहाटेची प्रार्थना मोठ्याने करतात, सगळे एकदम, ज्याचं त्याने, त्यामुळे कुणाचं गाऱ्हाणं कुणाला ऐकू जात नाही. पण शेतीच्या दिवसांत पहाटे कोण येणार? त्या सकाळी चर्चमध्ये सुल्लेबाई एकट्या होत्या. त्यांचे डोळे मिटलेले, सवयीने आवाज मात्र भरल्या चर्चचा. देव सगळं ऐकतो. अडचण एवढीच की कधी कधी मागच्या बाकावरचा माणूसही ऐकतो.

मागच्या बाकावर नवा पाळक होता. पाळकाला तिथे मोकसा म्हणतात, आणि याचं आडनाव निघालं मोक, म्हणून गाव त्याला मोक मोकसा म्हणायचं आणि त्यातच मुलांचा दिवस जायचा. सज्जन माणूस, पण जन्म शहरातल्या बाराव्या मजल्यावरचा. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. तानजो हा शब्द त्या मुलखात दोन ठिकाणी कामाला आहे. मिरचीवर पडणारी बुरशी तोही तानजो, आणि गुरांना होऊन माणसालाही नेते ती काळपुळी, तिलाही तानजोच म्हणतात. खेड्यात कुणी तानजो आला म्हटलं की माणसं आभाळाकडे बघतात. शहरात म्हटलं की तोंडाला रुमाल बांधतात.

तर सुल्लेबाई म्हणत होत्या, "हे प्रभू, आमच्यात तानजो शिरलाय. म्हाताऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही. आधी खालच्या अंगाला होता, आता वर चढायला लागलाय. काळे डाग पडलेत, खोल गेलेत, मधून पाणी सुटतंय. मी रोज सडलेलं तेवढं कात्रीने कापते आणि उरलेलं उन्हात ठेवते. तूच बघतोयस. विहीणबाई शनिवारी येऊन जाईपर्यंत झाकून ठेवायला बळ दे. त्यानंतर उपटून खड्ड्यात घालायची वेळ आली, तरी मी रडणार नाही. आमेन."

मोक मोकसांना आमेन म्हणवेना.

दुपारी ते फाटकाशी आले. तोंडावर मास्क, हात पाठीमागे. अंगणातल्या लाकडी कट्ट्यावर दोकमान म्हातारा माश्यांसाठी तोंडावर चादर ओढून पडला होता. त्याचे पाय बाहेर होते आणि चिखलाने काळे झाले होते.

"सुल्लेबाई," मोकसा फाटकाबाहेरूनच म्हणाले, "दोकमानजी कसे आहेत?"

"ते? पडलेत. संध्याकाळपर्यंत हलतील असं वाटत नाही."

"मला सगळं कळलंय," मोकसा हळूच म्हणाले.

सुल्लेबाईंच्या हातातलं गाळणं खाली पडलं. "कुणी सांगितलं? बोंगनिमने ना?"

"कुणी का सांगेना. डॉक्टरला दाखवलंत?"

"डॉक्टर कशाला? एवढी वर्षं बघतेय, मला ओळखता येत नाही होय?"

"पण तो पसरतो ना?"

"पसरतो म्हणजे! नुसते शिंतोडे उडायचा अवकाश. खालून वर, वरून शेजारी. बोंगनिमकडेही असणार, बाई लपवून ठेवतेय. मला विचाराल तर तिच्याकडूनच आला."

मोकसांनी फाटकाची दांडी धरली होती ती सोडली आणि हात अंगरख्याला पुसले. "मग... उपाय?"

"एकच. धरलेले मुळासकट उपटायचे, पोत्यात घालायचे आणि लांब नेऊन पुरायचे. पण मोकसाजी, शनिवारपर्यंत नाही हं. तुमच्या पाया पडते, कुणाजवळ बोलू नका."

चादरीखालून दोकमान मोठ्याने कण्हला. त्याला जांभई आली होती. मोकसा तिथून जे निघाले ते वळून न बघता गेले.

आता कुणाजवळ बोलू नका असं मोकसांना बजावलेलं होतं खरं. पण दोकमानची लेक शनिवारी सासूला घेऊन त्या घरात पाऊल ठेवणार, हे त्यांना बघवेना. शेवटी तिला तरी सांगायला हवं म्हणून त्यांनी तेगूला फोन लावला. हेरांग कामावर गेली होती आणि तिचा फोन घरीच चार्जिंगला राहिला होता. तो उचलला योमबाईंनी. हेरांग खेड्यात वाढलेली. तिने उचलला असता तर 'किती ओळी गेल्या?' एवढंच विचारून फोन ठेवला असता.

शुक्रवारी सकाळी सुल्लेबाई बांधाकडच्या ओळीत वाकून खुडत होत्या. एका दिवसाची गोष्ट राहिली होती. तिसरी ओळही आता धरली होती आणि चौथीत दोन फळांवर सुईच्या टोकाएवढे ठिपके आले होते. कातरून वाळत घातलेल्या चटईजवळचीच ती रोपं होती. 'म्हणजे मीच घातला,' त्या पुटपुटल्या, आणि तरीही हात खुडतच राहिले.

इतक्यात खाली रस्त्यावर टॅक्सी थांबली.

टॅक्सीतून आधी एक गाठोडं उतरलं आणि मागोमाग एक मूर्ती. टाचेपर्यंत पांढरा रेनकोट, आभाळात ढग नसताना. कोपरापर्यंत भांडी घासायचे गुलाबी रबरी हातमोजे. तोंडावर एकावर एक दोन मास्क. डोक्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी. मूर्ती ताठ चालत सुल्लेबाईंच्या फाटकाकडे निघाली. त्या चालीवरूनच सुल्लेबाईंनी विहीण ओळखली, आणि त्या टोपलीसकट धावत सुटल्या.

"विहीणबाई!" योमबाईंनी त्यांना बघताच हात पुढे केला आणि मग आठवण होऊन मागे घेतला. "विहीणबाई, भावोजी... आहेत ना अजून?"

"आहेत म्हणजे? कुठे जाणार? अहो, तुम्ही तर उद्या येणार होतात!"

"उद्या! अशा वेळी उद्याची वाट बघणारी मी बाई वाटले तुम्हाला? हेरांगला काही बोलले नाही. शिंपल्यांची पेज आणलीय, कोमट आहे. गिळवत असेल तर दोन घोट द्या."

सुल्लेबाईंना काही उमगेना. तेवढ्यात दोकमान शेवयांचा वाडगा हातात घेऊन दारात आला. गालात शेवया, एका पायात रबरी चप्पल. "काय झालं? कोण गेलं?"

"भावोजी! उभे राहू नका! बसा आधी!"

दोकमान घाबरून खाली बसला.

"मला मोकसांनी फोन केला," योमबाई म्हणाल्या, आणि सुल्लेबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजाची घडी मोडलेली ऐकली. "तुमच्याकडे तानजो आलाय म्हणे. काळे डाग पडलेत, पाणी सुटलंय. तुम्ही एकट्या कात्रीने... विहीणबाई, एकट्या हो! मला कळवलं असतं तर मी आले नसते का?"

सुल्लेबाईंचा चेहरा पडला. झालं ते झालं. त्यांनी टोपली विहिणीच्या पायाशी ठेवली आणि मान खाली घालून म्हणाल्या, "बघा. काढा काय लाज काढायची ती."

योमबाई वाकल्या. "ह्या मिरच्या आहेत."

"हो ना."

"तानजो कुठाय?"

"हा काय! हाच."

"हा? मग भावोजींना काय झालंय?"

"त्यांना? त्यांना आळस झालाय. तो लग्नाच्या आधीपासून आहे."

योमबाई तशाच रेनकोटसकट कट्ट्यावर टेकल्या. दोन्ही मास्क हनुवटीवर ओढले. त्या हसताहेत का रडताहेत हे थोडा वेळ कुणालाच कळेना, त्यांना स्वतःलाही कळत नसावं. दोकमानने तेवढ्यात गाठोडं सोडून पेजेचं झाकण उघडलं.

"म्हणजे रोग आहे, तो उपटायला हवा हे तुम्हाला माहीत आहे," योमबाई शेवटी म्हणाल्या, "आणि तुम्ही उपटला नाहीत."

"तुम्ही बघायला येणार होतात ना. मी म्हणाले होते, दिवा घेऊन शोधा."

"म्हणजे मला दाखवायला शेत उभं ठेवलंत, आणि त्यापायी ते सडतंय."

पेजेचा भुरका मारून दोकमान म्हणाला, "मी चार दिवस बघतोय. चटईवर सगळ्या अर्ध्याच मिरच्या वाळताहेत. म्हटलं, या वर्षी झाडालाच अर्ध्या लागल्या की काय."

"तुम्हाला माहीत होतं?" सुल्लेबाई उसळल्या. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मुळ्याचा पाला."

योमबाई उठल्या. गुलाबी हातमोजे त्यांनी कोपरावर आणखी वर ओढले. "विहीणबाई, उपटायला जे कपडे लागतात ते मी घालूनच आलेय. चला."

आणि खरोखरच चालल्या. सुल्लेबाईंनी त्यांना दाखवून दिलं: आधी रोपावरून पोतं खाली सारायचं, मग आतल्या आत हलवून मुळासकट ओढायचं, म्हणजे रोगट फळ सरीत गळत नाही. चांगल्या बाजूकडून सुरुवात करून रोगाकडे जायचं, रोगाकडून चांगल्याकडे कधी नाही. योमबाईंनी मान डोलावली आणि पहिल्याच झटक्यात एक ठणठणीत रोप उपटलं.

"अहो, ते चांगलं होतं!"

"मग त्याच्यावर तसं लिहून ठेवायचं!"

दुसऱ्या ओळीपर्यंत त्यांचा हात बसला. तिसऱ्या ओळीत त्या सुल्लेबाईंना म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही म्हणालात दिवा घेऊन शोधा, तेव्हा मला यायचं नव्हतं. पण नाही म्हटलं तर तुम्हाला वाटेल हिला खेड्यात यायचा कमीपणा वाटतो. म्हणून येते म्हणाले. आठवडाभर गाडी लागायच्या गोळ्या शोधत होते."

सुल्लेबाईंनी कंबर सरळ केली आणि विहिणीकडे बघत राहिल्या. मग दोघी पुन्हा वाकल्या. सुल्लेबाईंनी चटई उचलली, तिच्यावरच्या सगळ्या अर्ध्या मिरच्या, चार दिवसांची कातराकातर, पोत्यात ओतल्या. ओतताना तोंड दुसरीकडे वळवलं, एवढंच.

त्याच वेळी मोक मोकसा फोन केल्याच्या टोचणीने वर येत होते. त्यांना बांधाच्या वळणावरून दिसलं ते असं: पांढऱ्या वस्त्रातली एक बाई आणि सुल्लेबाई, दोघी मिळून एक लांबट, जड पोतं ओढत शेताबाहेरच्या खोल खड्ड्याकडे नेताहेत. पोत्याच्या खालच्या टोकातून काहीतरी काळंकुट्ट बाहेर आलेलं. दोकमानचा कुठे पत्ता नाही.

मोकसांनी टोपी काढली. गुडघे टेकले. त्यांनी सुरुवात केली, "हे दयाघन पित्या, तुझा सेवक दोकमान, जो कष्टाळू होता..."

"कोण कष्टाळू?" सुल्लेबाई जागच्या जागी थांबल्या.

"...जो सर्वांशी प्रेमाने वागला, आणि आज तुझ्या कुशीत येत आहे, त्याला तू आपल्या पदरात घे..."

"आमेन," खड्ड्यातून दोकमान म्हणाला आणि फावडं घेऊन वर आला. "चांगलं बोलता हो तुम्ही. तेवढं ते कष्टाळूचं हिच्यासमोर पुन्हा एकदा म्हणा."

मोकसांना पाणी पाजावं लागलं. मग त्यांना मिरची दाखवण्यात आली, डाग दाखवण्यात आला, आणि तानजोचा दुसरा अर्थ समजावून सांगण्यात आला. लाजेने त्यांचे कान लाल झाले. पण माणूस खरा सज्जन. बाह्या सारून ते फावड्याला लागले आणि उरलेला खड्डा त्यांनीच खणला, म्हणजे दोकमानसाठीची प्रार्थना फळाला आली आणि त्याला विसावा मिळाला म्हणायला हरकत नाही.

एवढा गोंधळ ऐकून बोंगनिम बांधावर येऊन उभी राहिली. उपटलेल्या तीन ओळी तिने बघितल्या, विहिणीची टोपी बघितली, खड्डा बघितला. मग ती म्हणाली, "ताई, पोती उरली असली तर इकडे द्या ना. बटाटे नाहीत माझे."

"माहीत आहे गं मला," सुल्लेबाई म्हणाल्या. "किती ओळी?"

"चार."

"माझ्या तीन आणि चौथीतली थोडी. म्हणजे आला तुझ्याकडूनच."

"आला कुणाकडून ते देवाला विचारा. पोती द्या."

दुपार होईतो दोन्ही शेतांतलं धरलेलं सगळं खड्ड्यात गेलं आणि वर माती पडली. शेताच्या तोंडाला बोळकं पडलं होतं. सुल्लेबाई त्याच्याकडे बघायचं टाळत होत्या. योमबाई मात्र बोळक्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि इस्त्रीच्या आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, या वर्षी मला पूड अर्धीच पाठवा. आणि त्यात एखादी डागाची आली तरी चालेल."

"डागाची नाही येणार," सुल्लेबाई म्हणाल्या. "कमी येईल. पण डागाची नाही."

उरलेली मिरची उभी होती. पानांवर आज थेंब नव्हता. पण डोंगरामागे ढग जमायला लागले होते आणि रविवारला एकच दिवस मध्ये होता. औषध उद्याच मारायला हवं होतं, पानांच्या खालच्या बाजूलासुद्धा, आणि घरात होती ती बाटली मागच्या वर्षीच संपली होती. मोकसा आणि योमबाई कट्ट्यावर शेवया खायला बसले होते. दोकमान तिसरा वाडगा पेज वाढून घेत होता.

"अगं, जेवून जा की," तो म्हणाला.

"आल्यावर जेवते. तुम्ही विहीणबाईंना वाढा, स्वतःलाच नको," असं म्हणून सुल्लेबाईंनी हातपाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि शेतकरी सहकारी संघाच्या दुकानातून तानजोचं औषध आणायला त्या बसच्या थांब्याकडे निघाल्या.